व्याख्या आणि दृष्टी : अकरावी-बारावीच्या समाजशास्त्राविषयी

शाळा सुटली आहे, परंतु विद्यापीठाचा उंबरठा अद्याप ओलांडावयाचा आहे, अशा अवस्थेत आपल्याकडील मुलामुलींना जी दोन वर्षे काढावी लागतात त्यांची नावे वेळोवेळी बदलत आली आहेत. ‘प्रीव्हियस’ गेले, ‘इंटर’ गेले, ‘प्री-डिग्री’ आले आणि तेही गेले. १९७५ साली महाराष्ट्राने दहा, दोन व तीन वर्षांचा आकृतिबंध स्वीकारल्यापासून ह्या दोन वर्षांस कनिष्ठ महाविद्यालय म्हणण्याचा प्रघात पडला. नाव कोणतेही असो, ह्या काळाचे एक लक्षण कायम आहे. मूल शाळकरी राहिलेले नसते आणि विद्यार्थी ह्या शब्दाच्या खऱ्या अर्थाने विद्यार्थीही झालेले नसते. ह्याच संधिकाळात कला शाखेकडे वळलेल्या मुलांची समाजशास्त्र नावाच्या विषयाशी पहिली गाठ पडते. दहावीपर्यंत इतिहास असतो, भूगोल असतो, नागरिकशास्त्र असते, समाजशास्त्र नसते. पुढे पदवीला बहुतेक जण दुसरा विषय धरतात, कित्येकांचे शिक्षणच तेथे थांबते. म्हणजे ही जी पहिली भेट, तीच पुष्कळांच्या बाबतीत शेवटची ठरते. आपण ज्या समाजात जन्मलो त्याचा विचार शास्त्रीय रीतीने करता येतो, ही गोष्ट ह्या मुलांना आयुष्यात एकदाच आणि तीही सोळाव्या-सतराव्या वर्षी सांगितली जाते.

असे असता, त्या वेळी त्यांच्या हाती जी पुस्तके पडतात त्यांचे परीक्षण आपल्या मासिकांतून क्वचितच येते. पाचशे प्रती खपलेल्या कादंबरीवर आपण तीन-तीन लेख लिहितो; पण ज्या पुस्तकावर हजारो मुलांची समाजविषयक समजूत बेतली जाते ते आपल्या लेखी वाङ्मयच नव्हे! घरोघरीही ह्या विषयाची संभावना अशीच होते. मुलास गुण बेताचे पडले की, ‘समाजशास्त्र घे, सोपे आहे,’ असा सल्ला वडीलधारी मंडळी देतात. पुढे तोच मुलगा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसू लागला म्हणजे तोच विषय ‘गुण देणारा’ म्हणून पुन्हा घरात मानाने येतो. सोपा म्हणून घ्यावा आणि गुणांसाठी जपावा, ह्यापलीकडे ह्या विषयाचे काही कर्तव्य असेल अशी शंका फारशी कोणास येत नाही.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘बालभारती’ने, २०१९ साली अकरावीचे आणि २०२० साली बारावीचे समाजशास्त्राचे पुस्तक काढले. पहिल्यात शास्त्राची ओळख, पाश्चात्त्य व भारतीय समाजशास्त्रज्ञांचे कार्य, मूलभूत संकल्पना, सामाजिक संस्था, संस्कृती, सामाजीकरण, स्तरीकरण आणि बदल असा क्रम आहे. दुसऱ्यात भारतीय समाज, त्याचे आदिवासी, ग्रामीण व नागरी विभाग, विविधता आणि एकता, परिवर्तनाच्या प्रक्रिया, चळवळी आणि समस्या. ही पुस्तके वाईट आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मांडणी स्वच्छ आहे, भाषा दुर्बोध नाही, आणि मुलांनी स्वतः काही करून पाहावे म्हणून कृतीही सुचविलेल्या आहेत. ज्यांनी ह्या विषयाची जुनी बाजारी मार्गदर्शके चाळली आहेत त्यांस हा फरक चटकन जाणवेल.

माझे म्हणणे निराळे आहे, आणि ते पुस्तकाइतकेच पुस्तकाभोवती उभ्या राहिलेल्या शिकवणीला व परीक्षेला लागू आहे. ह्या सर्व व्यवहारात व्याख्या आधी येते आणि वस्तू मागाहून. प्रथम संज्ञा, मग तिची व्याख्या, मग वैशिष्ट्ये, मग प्रकार, आणि सरतेशेवटी जागा उरली तर उदाहरण. समाज म्हणजे काय, असे विचारले की मॅकायव्हरने योजिलेली संबंधांच्या जाळ्याची उपमा उत्तरपत्रिकेत येते, परंतु जाळे म्हटल्यावर त्यात अडकलेला मासा मुलास दिसत नाही. अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा हा भेद राल्फ लिंटनने १९३६ साली मांडला. मुले तो दोन रकाने आखून तोंडपाठ लिहितात. पण आपण स्वतः ज्या घरात जन्मलो त्यामुळे कोणकोणती दारे आपल्याला न ठोठावता उघडली आणि कोणती ठोठावूनही उघडली नाहीत, हा प्रश्न त्या दोन रकान्यांच्या आसपासही फिरकत नाही. ‘फरक स्पष्ट करा’ ह्या प्रश्नाने जितका फरक अस्पष्ट केला असेल तितका दुसऱ्या कशानेही केला नसेल.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी देवळाली कॅम्प येथे राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या आग्रहावरून त्या बाजूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातील प्रकल्पवह्या चाळण्याचा योग आला. चाळीसएक वह्या होत्या. त्यांपैकी बहुतेकींचे विषय दोन : हुंडा आणि व्यसनाधीनता, आणि मजकूर तर एकच, कारण तो एकाच ठिकाणाहून उतरलेला होता. मुखपृष्ठावरची वेलबुट्टी तेवढी ज्याची त्याची. ह्या ढिगात एक वही निराळी निघाली. लॅम रोडच्या मागे राहणाऱ्या एका मुलीने आपल्या गल्लीतील बावीस घरांची नोंद केली होती. पानावर चार रकाने आखले होते. पहिल्यात घरात बोलली जाणारी भाषा, दुसऱ्यात मूळ गाव, तिसऱ्यात येथे येण्याचे कारण. हे तीन रकाने तिने इतक्या कसोशीने भरले होते की वाचता वाचता ती गल्ली डोळ्यांपुढे उभी राहावी. तोफखान्यात हवालदार असलेल्या आजोबांबरोबर आलेले एक घर, फाळणीनंतर सिंधमधून आलेली दोन, लहवित-भगूरकडून नोकरीसाठी सरकलेली पाच-सहा, एक राजस्थानी मिठाईवाल्याचे, एक आरोग्यभुवनाच्या रखवालदाराचे. चौथ्या रकान्यावर शीर्षक होते, ‘कोणाच्या घरी चहा घेतात’. त्याखाली बावीसही ओळी कोऱ्या होत्या.

मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, ‘सर, माहिती आहे मला. पण तो रकाना लिहिला असता तर घरच्यांनी वही बाहेर नेऊच दिली नसती.’

नंतर सहज तिची सहामाहीची उत्तरपत्रिका पाहण्यात आली. त्यात जातिसंस्थेच्या वैशिष्ट्यांवर प्रश्न होता, आणि डॉ. घुर्ये यांनी ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ ह्या १९३२ सालच्या ग्रंथात सांगितलेली सहाही वैशिष्ट्ये तिने क्रमवार दिली होती : समाजाचे खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खानपान व सामाजिक व्यवहारावरील निर्बंध, नागरी व धार्मिक बाबतींतील अपात्रता आणि विशेषाधिकार, व्यवसायाच्या निवडीवरील बंधन, विवाहावरील बंधन. उत्तरास पैकीच्या पैकी गुण होते. तिसरे वैशिष्ट्य आणि चौथा रकाना ह्या दोहोंत एकच गोष्ट सांगितली आहे, हे तिला ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. ती मुलगी हुशार होती. परंतु त्या दोन्ही गोष्टी एका कागदावर याव्यात अशी अपेक्षा तिच्याकडून कोणीच केली नव्हती. शास्त्र उत्तरपत्रिकेत राहिले आणि समाज वहीत कोरा राहिला. ह्या विषयाच्या शिक्षणाबद्दल माझी जी तक्रार आहे ती एवढीच आहे. बाकीचा लेख तिचे स्पष्टीकरण समजावा.

देवळाली कॅम्पसारख्या ठिकाणी ही तूट विशेष डोळ्यांत भरते, कारण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास ह्याहून सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. १८६१ साली इंग्रजांनी येथे लष्करी छावणी घातली. मुंबईपासून सुमारे शंभर मैल, रेल्वेची सोय, हवा कोरडी. तेव्हा विलायतेहून आलेल्या आणि विलायतेस परत जाणाऱ्या सैनिकांचा हा मधला मुक्काम झाला. नोकरीची मुदत भरलेल्या शिपायास येथे आणून ठेवीत. जहाजे ठरावीक मोसमातच सुटत. मोसम हुकला की महिनोन् महिने वाट पाहणे आले. कवायत नाही, लढाई नाही, घर नाही. उन्हाळा आणि हिवताप मात्र आहेत. त्या रिकामपणात माणसे दारूस लागत, भांडत, कित्येकांचे डोके फिरे. ह्यावरूनच इंग्रजी भाषेत वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणण्याची रीत पडली. मूळ शिपाईबोलीत त्यास आपला ‘ताप’ हा शब्दही जोडलेला होता. देवळालीचे नाव इंग्रजी कोशात गेले आहे ते असे.

आता पाहा, एमिल दुर्खीमने १८९७ साली आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात जिला ‘अनोमी’ म्हटले, म्हणजे माणसास बांधून ठेवणारे नियम सैल पडले असता त्याची जी अवस्था होते, ती समजावून देण्यास फ्रान्सात जाण्याचे काय कारण? ज्या मुलास पॅरिस ठाऊक नाही त्याला बराकी ठाऊक आहेत. नियम माणसाला जाचतात हे सतरा वर्षांच्या मुलाला सांगावे लागत नाही. नियम नाहीसे झाले तरी माणूस मोडतो, ही मात्र नवी गोष्ट आहे, आणि ती त्याच्या गावाच्या नावातच दडलेली आहे. लष्कराच्या तोफखान्याचे विद्यालय काकूलहून येथे आले. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे आली. पारशी व गुजराती मंडळींनी हवापालटासाठी आरोग्यभुवने आधीच बांधली होती. आणि ह्या सर्वांच्या कडेला भगूर, लहवित, संसरी अशी जुनी गावे आपापल्या पांढरीवर बसलेली. बलुत्यावर चालणारा गाव आणि रोख पगारावर चालणारी छावणी ही शेजारी-शेजारी नांदली म्हणजे दोघांचे काय होते, ह्या एका प्रश्नावर वर्षाचा अभ्यासक्रम उभारता येईल. परंतु येथील मुले परीक्षेत ‘ग्रामीण समुदायाची वैशिष्ट्ये’ लिहितात ती कोणत्या गावाची, हे त्यांस किंवा परीक्षकास सांगता यावयाचे नाही.

समाजशास्त्राचा हा कोरडेपणा अपरिहार्य आहे, तो शास्त्राचा धर्मच आहे, असे कित्येकांस वाटते. आपल्याकडील ह्या विषयाचा इतिहास उलट साक्ष देतो. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे होते. हा गृहस्थ मुळात जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. आधी शहर पायांनी तुडवावे, पाहणी करावी, योजना त्यानंतर, हा त्यांचा बाणा. त्यांच्यामागून १९२४ पासून मालवणचे घुर्ये आले आणि पुढे दीर्घकाळ त्यांनी तो विभाग चालविला. त्यांचे विद्यार्थी देशभर पसरले. मात्र ह्या थोर परंपरेची लेखनभाषा इंग्रजी राहिली. मराठीत जे उतरले ते बहुधा सार म्हणून, टिपण म्हणून; आणि सारात व्याख्या तेवढ्या टिकतात.

म्हणून मराठीत समाजशास्त्रच नव्हते काय? होते, आणि विद्यापीठात हा विभाग निघण्याच्या आधीपासून होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. सरकारी नोकरीच्या निमित्ताने खेडी हिंडलेला हा लेखक. त्याने कोठलीही व्याख्या न करता मराठी गावाचे अंतरंग उलगडून दाखविले आहे. कुणब्याचे धान्य खळ्यावर पडले म्हणजे त्या राशीवर किती हात पडतात, कोणता हात हक्काचा, कोणता सवयीचा आणि कोणता निव्वळ दांडगाईचा, ह्याचा हिशेब तेथे आहे. पाटील-कुळकर्णी, कारू-नारू, देवदेवस्की, सावकार, दुकानदार, दाराशी येणारे मागते, सर्व त्यात आपापल्या शब्दांनिशी वावरतात. त्या शब्दांचे मोल विशेष आहे. ‘आर्थिक परस्परावलंबन’ हा शब्द वाचून मुलाच्या मनात काही हलत नाही. ‘बलुते’ म्हटले की एक माणूस, एक धंदा, एक सूप आणि सुपातला शेर-दोन शेर दाणा दिसू लागतो. नोकरशहाच्या टिपणवहीतून उत्तम गद्य निपजते, ह्याचे हे आपल्या भाषेतील सर्वांत भक्कम उदाहरण असावे. विद्यार्थ्यास मी एकच पुस्तक देऊ शकत असतो तर बरेच दिवस हेच दिले असते.

‘बरेच दिवस’ असे म्हटले ते हेतुपुरस्सर. कारण ‘गावगाड्या’तच ‘फिरस्ते’ ह्यांच्याविषयीचे प्रकरण आहे, आणि ते आज वाचताना माणूस अस्वस्थ होतो. गावोगाव हिंडणाऱ्या भटक्या जातिजमातींकडे आत्रे ज्या नजरेने पाहतात ती गावच्या धान्याची राखण करणाऱ्याची नजर आहे. हे लोक म्हणजे कुणब्यावरचा भार, फसवे, चोरटे, असा त्यांचा एकंदर सूर. ह्याच लेखकाने त्यापूर्वी ‘गुन्हेगार जाती’ नावाचे पुस्तक लिहिले होते. जन्मामुळेच माणसास गुन्हेगार ठरविणारा १८७१ सालचा कायदा हा त्या काळच्या अंमलदाराच्या डोळ्यांवरचा चष्मा होता, आणि आत्र्यांनी तो उतरविला नाही. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती ह्या शिक्क्यातून मुक्त झाल्या. शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेलेला नाही. इतका सूक्ष्मदर्शी लेखक, पण तांडा गावाबाहेर का राहतो, त्याला पांढरीत जागा कोणी नाकारली, हा प्रश्न त्याला पडत नाही. पाहणे त्याच्यापाशी होते. पाहणाऱ्याला स्वतःच्या जागेची जाणीव करून देणारी संकल्पना नव्हती. ती असती तर त्याला कळले असते की ‘भटका’ हा केवळ एक स्वभाव नव्हे, गावाने वाटून दिलेला तो एक दर्जा आहे.

तेव्हा नुसते डोळे उघडे ठेवले की शास्त्र साधले, असे जे मी तरुणपणी मानीत असे ते अर्धेच खरे आहे. उघड्या डोळ्यांना पूर्वग्रहही अगदी स्पष्ट दिसतात, आणि ते वस्तुस्थितीच आहेत असे वाटते. व्याख्येची गरज तेथे पडते. माझा आक्षेप व्याख्येवर नाही, तिच्या स्थानावर आहे. आपण जे पाहिले ते तपासून घेण्यासाठी व्याख्या असते. पाहिलेच नाही तर तपासावयाचे काय?

व्याख्या कशी शिकवावी, ह्याचाही नमुना आपल्यापाशी आहे, आणि तो ‘गावगाडा’ निघाल्यानंतर एका वर्षाच्या आतबाहेरचा आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो पुढल्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. लेखकाचे वय त्या वेळी पंचवीस. हे वय लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण आपल्या बारावीच्या मुलापेक्षा ते सात-आठ वर्षांनीच अधिक आहे. ह्या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर ह्या चौघांच्या व्याख्या एकामागून एक घेतल्या आहेत व प्रत्येकीत काय निसटते ते दाखविले आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्याविषयी आदर व्यक्त करून मग त्यांची चूक अशी दाखविली आहे : जातीचे सभासदत्व जन्मानेच मिळते आणि जातीबाहेर विवाह करता येत नाही, ही केतकरांनी दोन लक्षणे म्हणून सांगितली, पण ती वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. विवाहाची दारे आतून बंद केली की सभासदत्व आपोआपच जन्मावर येते. म्हणजे मर्म एकच, जातीतल्या जातीत विवाह. आणि ते टिकवावयाचे तर विधवेचे काय करावयाचे, विधुराचे काय करावयाचे, ह्या भीषण प्रश्नांची उत्तरे समाजाने सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ह्या रूपांनी शोधली, असा युक्तिवाद पुढे आहे.

हे वाचताना मुलाला काय शिकावयास मिळते? व्याख्या ही पाठ करण्याची वस्तू नसून भांडण्याची वस्तू आहे, हे मिळते. चार विद्वान एका गोष्टीची चार लक्षणे सांगतात आणि पाचवा, वयाने लहान, त्यांना अडवून विचारतो की, अहो, ह्यांपैकी मूळ कोणते आणि फांदी कोणती? घुर्यांची सहा वैशिष्ट्ये ह्या निबंधानंतर वाचली तर त्यांच्याकडेही मुलगा त्याच दृष्टीने पाहील. सहांपैकी कोणते काढले असता बाकीची कोसळतात, असे विचारील. आज ती सहा वैशिष्ट्ये एका ओळीत उभी राहून समान गुण घेऊन जातात. आणखी एक गोष्ट देवळालीच्या मुलांना सांगण्याजोगी आहे. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथील, म्हणजे अशाच एका छावणीतील. वडील लष्करात सुभेदार. गावाच्या वेशीने जे नाकारले ते छावणीच्या शाळेने काही अंशी दिले, हा त्या पिढीचा अनुभव. आणि काळाराम मंदिराचा जो सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला तो नाशिकात, येथून तासाभराच्या अंतरावर. बारावीच्या पुस्तकातील ‘सामाजिक चळवळी’ हे प्रकरण येथल्या मुलांनी बसने जाऊन पाहून यावे असे आहे.

पाहणे आणि तपासणे ही दोन्ही एका ठिकाणी आलेली पाहावयाची असतील तर इरावती कर्व्यांकडे गेले पाहिजे. ‘मराठी लोकांची संस्कृती’ हा त्यांचा १९५१ सालचा ग्रंथ मोलाचा आहेच. पण मला येथे आठवतो तो त्यांचा पंढरीच्या वारीवरचा लेख, जो १९६२ साली इंग्रजीतून ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्येही आला. दिंडीबरोबर त्या स्वतः चालल्या. वाट एक, अभंग एक, देव एक. परंतु मुक्कामाला स्वयंपाक निराळा आणि पंगत निराळी, ब्राह्मणांची वेगळी, मराठ्यांची वेगळी. हे त्यांनी टिपले, आणि ते टिपताना आपण स्वतः कोणत्या पंगतीच्या आहोत हे लपविले नाही. त्यांना त्याचा त्रास झाला, तो त्यांनी लिहिला. एके दिवशी त्या दुसऱ्या बाजूला जाऊन जेवल्या, तेही लिहिले. त्या मुलीने कोरा सोडलेला रकाना एका विदुषीने भरून दाखविला आहे तो असा. इतरांच्या घरांची झडती घेऊन तो भरलेला नाही. सुरुवात स्वतःच्या पानापासून आहे.

माझ्या ह्या म्हणण्यावर शिक्षक मंडळींचा जो आक्षेप येतो तो मी अनेकदा ऐकला आहे आणि त्याला उडवून लावणे बरे नव्हे. वर्गात ऐंशी मुले, तासिका चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची, वर्षाअखेर मंडळाची परीक्षा. त्यात गल्लीची पाहणी केव्हा करावयाची? हा अडचणीचा भाग झाला, आणि अडचणी प्रामाणिक आहेत. पण त्याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. एक अनुभवी शिक्षिका मला म्हणाल्या, ‘सर, तुम्ही म्हणता तसे वर्गात विचारले, तर उघडे कोण पडणार? ज्याच्या घरी कोणी चहा घेत नाही तोच मुलगा उघडा पडणार. जे घेत नाहीत त्यांना काही होत नाही.’ ह्यावर माझ्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. त्या मुलीचा कोरा रकाना मी आरंभी भित्रेपणाचे चिन्ह समजलो होतो. शिक्षिकाबाईंचे ऐकल्यावर वाटले की तो कदाचित शेजाऱ्यांच्या अब्रूची बूजही असेल. पाठ्यपुस्तके व्याख्येआड उभी राहतात त्याचे एक कारण हेही असावे. व्याख्या कोणालाच दुखवीत नाही. तिने कोणाचे भले होत नाही हा भाग वेगळा.

ह्यातून वाट निघते ती मला वाङ्मयातूनच निघेलशी वाटते. वर्गातल्या मुलाला स्वतःच्या घराची माहिती देण्याची सक्ती नको; पण आत्रे, आंबेडकर, कर्वे ह्यांनी जे पाहिले ते वर्गात मोकळेपणाने बोलता येते, कारण ते कोणा एकाच्या घरचे नाही. मुलगा मनातल्या मनात आपल्या घराशी ताडून पाहतो. तेवढे पुरे, ते वहीत यावे की न यावे, हे त्याने ठरवावे. मंडळाने अकरावीच्या पुस्तकास जोडून दीड-दोनशे पानांची एक निवडक वाचनमाला काढावी असे मला सुचवावयाचे आहे. तीत महात्मा फुल्यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील उतारा असावा, ताराबाई शिंद्यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्रीपुरुष तुलने’तील असावा, ‘गावगाड्या’तील दोन प्रकरणे असावीत, १९१६ च्या निबंधाचा मराठी अनुवाद आणि कर्व्यांचा वारीवरचा लेख असावा. ‘गावगाड्या’ची भाषा आजच्या मुलास जड जाईल, तळटीपा द्याव्यात, शब्दार्थ द्यावेत, पण भाषा सोपी करू नये. ‘पांढरी’ला ‘वस्ती’ केले की पुस्तक संपले.

निवड करणाऱ्यांस एकच विनंती. ‘फिरस्ते’ हे प्रकरण वगळण्याचा मोह त्यांना होईल, आणि वगळण्यास कारणेही सज्जनपणाचीच दिली जातील. तसे करू नये. ते संपूर्ण छापावे, त्याच्या आधी १८७१ आणि १९५२ ह्या दोन सालांची अर्ध्या पानाची हकिकत द्यावी, आणि प्रकरणाखाली प्रश्न एकच असावा : लेखक हे सर्व पाहत असताना कोठे उभा आहे? त्या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ करून लिहिता यावयाचे नाही, आणि त्याला गुण कसे द्यावेत हे परीक्षकांना थोडे दिवस अवघड जाईल.